पाऊणकी आणि ट्रॉम्बेचा चिखल

मुंबईला दोन समुद्र आहेत. एक मावळतीकडचा आणि एक उगवतीकडचा. मावळतीकडचा सगळ्यांना ठाऊक असतो, कारण तिथे भेळ मिळते. उगवतीकडचा बंदराचा. त्याला लोक खाडी म्हणतात, नाक दाबतात आणि पुढे जातात. मीसुद्धा चाळीस वर्षं तेच केलं. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या दुसऱ्या समुद्राने मला जे शिकवलं ते सांगायला बसलेय. हसलात तरी चालेल, मीही हसतेच.

आधी पाऊणकी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं हाताला लागेल ते वाचून झालं. पण चौथीपर्यंत पावकी, निमकी, पाऊणकी असे पाढे तोंडपाठ करून घ्यायचे. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. आमच्या मालवणाकडे हा पाढा नुसता शाळेत नाही लागत, किनाऱ्यावर लागतो. आजची तिथी कुठली ते बघायचं आणि तिची पाऊणपट करायची. जे येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असली तर तीनला, अष्टमीला सहाला. पहाटेही तेवढ्याच वाजता आणि संध्याकाळीही. त्यापुढे सहा तास मोजले की ओहोटी. अमावास्या झाली की पुन्हा एकपासून, पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून. झालं! घड्याळ नको, रेडिओ नको. माझी आई म्हणायची, "दर्यार जातलंस तर आधी तिथ बघ, मगे पाय भायर काढ." तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण भरती तिने कधी चुकवली नाही.

लग्न होऊन मी अंधेरीला आले. सात बंगल्याच्या मागे तीन मजल्यांची इमारत होती. आमचे हे मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात होते. सकाळी सातला बाहेर पडायचे. मुंबई मला आवडेल की नाही याची घरच्यांना काळजी होती. मला मात्र पहिल्या आठवड्यात वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याची, वाळू सापडली आणि माझा प्रश्न मिटला. माझ्या गावचाच समुद्र, फक्त वर लोकवस्ती जास्त.

मी ओहोटीची बाई. भरतीला समुद्र बघायचा असतो, ओहोटीला त्याच्यात जायचं असतं. पाणी मागे गेलं की किनारा दुप्पट-तिप्पट रुंद होतो, ओली वाळू फरशीसारखी घट्ट बसते, त्यावर चाललं की टाचा गुळगुळीत होतात. खडकांच्या बेचक्यात पाणी साचतं, त्यात खेकड्याची पिल्लं फिरतात. आमच्या इमारतीतल्या बायकांना मी ही सवय लावली. ज्या बाईने आयुष्यात समुद्राला पाय लावला नव्हता ती माझ्यामागे साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली आहे. दुपारी खालून कोणीतरी हाक मारायची, "अहो, आज किती वाजता?" मी खिडकीतून नुसतं "साडेचार!" म्हणायचे. कसले साडेचार हे कोणालाच विचारावं लागायचं नाही. इमारतीतल्या पुरुषांनी आमचं नाव ओहोटी मंडळ ठेवलं होतं. ठेवू देत.

रविवारी आमचे हे बरोबर असले की जुहू, कारण त्यांना माणसं बघायला आवडायची. मार्व्याहून होडीने मनोरीला जायचं ते माझ्या आवडीचं. होडी इकडून तिकडे जायला पाच-दहा मिनिटं, पण पलीकडे उतरलं की अंधेरी मागे कुठेतरी राहिलेली असायची. अक्साला मात्र मी कोणाला घोट्याच्या पुढे जाऊ दिलं नाही. तिथली वाळू पायाखालून ओढून घेते, दिसायला गरीब पण आतून दुष्ट. माझा मुलगा लहानपणी म्हणायचा, "आई, सगळे जातायत ना!" मी म्हणायचे, "सगळ्यांना जाऊ दे, त्यांच्या आयांना पाऊणकी येत नाही." तो रुसायचा, पण माझा हात सोडायचा नाही.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतेय की माझा गर्व तुम्हाला कळावा. चाळीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

मग आमचे हे गेले. मी एकटीच राहत होते आणि समुद्रावर एकटीच जात होते. एक दिवस वेसाव्याला, खाली उतरायच्या दगडी पायरीवर शेवाळ होतं. पाय सटकला. भरती-ओहोटीचा काही संबंध नाही हो, नुसतं शेवाळ. पण मनगट मोडलं. तिथल्या एका मासळीवाल्याने मला प्लास्टिकच्या क्रेटवर बसवलं आणि माझ्याच फोनवरून मुलाला फोन लावला. मुलगा ऑफिसातून तसाच निघाला. तो वाळूतून बूट घालून धावत येताना मला दिसला. हातात लॅपटॉपची बॅग, शर्ट पँटच्या बाहेर, आणि तोंड असं, की मोडलंय माझं मनगट आणि दुखतंय याला. जवळ येऊन तो गुडघ्यांवर टेकला. माझ्या पायाला लागलेली वाळू रुमालाने पुसत बसला.

प्लास्टर निघालं तोवर आमची इमारतच पाडायला काढली. नवीन बांधणार, वर वीस मजले करणार. मी घाटकोपरला मुलाकडे राहायला आले. आल्या दिवशीच त्याने सांगून टाकलं, "आई, आता समुद्रावर एकटीने जायचं नाही."

"बरं. मग तू चल बरोबर."

"मला कुठे वेळ आहे?"

"मग मी जाऊ कशी?"

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. आणि विषय संपला, त्याच्या बाजूने.

माझ्या बाजूने कुठला संपायला! घरात सगळं होतं. सूनबाई प्रेमाची, नात हुशार, लिफ्ट मोठी. पण मी दुपारी गॅलरीत उभी राहून मनातल्या मनात पाऊणकी म्हणायचे आणि आता वेसाव्याला पाणी कुठवर आलं असेल ते बघायचे. देवाच्या खोलीला बाहेरून कुलूप लागलंय असं वाटायचं. मुलाला मी भांडून हरवू शकले असते. पण त्याचं ते धावत येतानाचं तोंड मी पाहिलेलं होतं. त्या तोंडाशी भांडता येत नाही. त्याची भीती घालवली पाहिजे, एवढंच मला कळत होतं. नाहीतर माझं पुढचं सगळं आयुष्य या गॅलरीत जाणार होतं.

एका संध्याकाळी मी गच्चीवर गेले होते, नात बरोबर होती. पूर्वेला लांब, इमारतींच्या पलीकडे, एक हिरवा पट्टा आणि त्यापुढे राखाडी पट्टा दिसला.

"ते काय गं?"

"आजी, ती खाडी. हिरवं दिसतंय ते खारफुटी."

"म्हणजे समुद्रच की!"

"समुद्र काय, खाडी आहे. घाण असते." तिने फोनवर नकाशा काढला. बोटाने खाली सरकवत गेली. घाटकोपर, मानखुर्द, ट्रॉम्बे. ट्रॉम्बेला जेट्टी होती. निळ्या रंगात शिरलेला एक बारीक दात. इथून बसने जाता येईल, असं फोन सांगत होता.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, "मी ट्रॉम्बेला जाणार. तिथे लाटा नाहीत, गर्दी नाही, शेवाळाच्या पायऱ्या असल्या तर मी उतरणार नाही."

मुलाने भाताचा घास तसाच धरला. "आई, परत?"

"एकटी नाही जात. विहीणबाईंना नेते."

हे ऐकून सूनबाईला ठसकाच लागला. विहीणबाई म्हणजे तिची आई. मुलुंडला राहतात, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या. सगळं वेळेवर, सगळं पिशवीत. छत्री थंडीतही बरोबर. आणि पाण्याला इतक्या घाबरतात की स्विमिंग पूल असलेल्या हॉलमधलं लग्नसुद्धा त्यांनी टाळलं होतं. मुलाने विचार केला. सासूबाई बरोबर असल्या म्हणजे पोलीसच. त्या खोटं बोलत नाहीत हे त्याला माहीत.

"ठीक आहे," तो म्हणाला. "एकदा जाऊन या. त्या म्हणाल्या की बरोबर आहे, तर पुढे बघू. त्या नाही म्हणाल्या, तर हा विषय कायमचा बंद. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. मला कसली भीती? पाऊणकी माझी होती.

मी पंचमी निवडली. पाच पाऊण पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी पावणेदहाला ओहोटी. दहाला पोचायचं, म्हणजे किनारा मोकळा, वाळू घट्ट, विहीणबाईंना पाणी लांब दिसेल, त्या घाबरणार नाहीत. इतकं सुंदर गणित मी आयुष्यात केलं नव्हतं.

थंडीचे दिवस होते. बसमध्ये विहीणबाई खिडकीशी बसल्या, छत्री मांडीवर. "ताई, पाणी किती जवळ असतं हो?"

"तुम्ही म्हणाल तेवढं लांब. मी ठरवून आणलंय."

"म्हणजे समुद्र तुमचं ऐकतो?"

"माझं नाही, तिथीचं ऐकतो."

त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

जेट्टीवर पोचलो. दहाला पाच मिनिटं कमी होती. आणि समोर समुद्र नव्हता.

खरं सांगते, नव्हताच. नजर जाईल तिथवर काळा, चकचकीत चिखल. होड्या तिरक्या होऊन त्यात बसलेल्या, दोरखंड चिखलात पडलेले. पाणी कुठेतरी खूप लांब, चांदीच्या तारेएवढं. वास असा की विहीणबाईंनी पदर नाकाला लावला. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "ताई, फार लांब ठरवलंत वाटतं."

मी कानकोंडी झाले. पण मालवणी बाई पटकन हार मानत नाही. मी म्हटलं, "अहो, ओहोटी आहे ना, अशीच असते. खाली उतरलं की घट्ट लागतं. पाणी सोडून गेलेली जमीन घट्ट असते."

"तुम्ही उतरणार? मुलाला काय सांगितलंत?"

"शेवाळाच्या पायऱ्या असल्या तर उतरणार नाही, असं सांगितलंय. इथे पायऱ्याच नाहीत."

जेट्टीच्या कडेला उतार होता. मी चपला काढून त्यांच्या हातात दिल्या, साडी खोचली आणि जिथे ओलं चमकत होतं तिथेच पाय टाकला. वेसाव्याला ओलं चमकतं तिथेच सगळ्यांत घट्ट असतं. चाळीस वर्षं माझ्या पायांना तेच माहीत.

पहिला पाय घोट्यापर्यंत गेला. मी तो काढायला दुसरा टाकला. दुसरा गुडघ्यापर्यंत गेला. वरचा चिखल उन्हाने कोमट होता, आतला बर्फासारखा गार. कुठलं तरी शिंपल्याचं टोक पोटरीला घासलं. मी पाय उचलायला गेले आणि चिखलाने तो खालून धरला. कोणी हाताने धरावा तसा.

वाट लागली, मी मनात म्हटलं.

"ताई!" विहीणबाई ओरडल्या. आयुष्यात त्या एवढ्या मोठ्याने बोलल्या नसतील. "ताई, तुम्ही बुडताय!"

"बुडत नाहीये हो, उभी आहे."

"उभ्या उभ्या खाली जाताय! मी फोन करते." आणि त्यांनी पिशवीतून फोन काढला.

"नका करू फोन! विहीणबाई, देवाशपथ, नका करू!"

"का नको? तुमचाच मुलगा आहे ना?"

"म्हणूनच नको!"

मला त्या क्षणी चिखलाची भीती वाटली नाही. पाच-दहा मिनिटांत मुलगा पुन्हा कुठल्यातरी खुर्चीवरून उठणार, बूट घालून धावत येणार, तेच तोंड घेऊन. आणि मग त्याचं म्हणणं मला कायमचं मान्य करावं लागणार. मी म्हटलं, "फोन खाली ठेवा आणि छत्री द्या."

विहीणबाई बिचाऱ्या काठावर बसल्या. छत्रीची वाकडी मूठ त्यांनी माझ्याकडे केली. मी मूठ धरली, त्यांनी ओढली, आणि छत्रीचा खटका दाबला गेला. फटकन छत्री उघडली. आता त्यांना मी दिसेना आणि मला त्या. छत्रीमागून त्यांचा आवाज आला, "ताई, आहात ना?"

मला हसू फुटलं. हसले तशी आणखी चार बोटं खाली गेले.

तेवढ्यात चिखलातून आवाज आला, "अगो बाय, हलू नको! जेवढी हलशील तेवढी आत जाशील!"

लांबून एक बाई येत होती. साठीची असेल, कोळीण, कासोटा मारलेला. एक गुडघा लाकडी फळीवर टेकलेला आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत ती चिखलावरून घसरत येत होती. फळीवर टोपली, टोपलीत निवट्या. निवट्या म्हणजे चिखलात टुणटुण उड्या मारणारे बारके मासे, ओहोटीला हाताने पकडायचे असतात. ती माझ्यापाशी येऊन थांबली आणि मला वरपासून गुडघ्यापर्यंत बघितलं. त्याच्या खाली बघण्यासारखं काही वर नव्हतं.

"कुठची गो तू?"

"वेसाव्याची. म्हणजे मूळची मालवणची."

"मंग हितं चिखलात काय पेरायला आलीस?"

"ओहोटी बघून आले," मी म्हटलं. "पंचमी ना आज. पाच पाऊण पावणेचार."

ती फळीवर टेकली आणि अशी हसली की टोपलीतल्या निवट्यासुद्धा उडाल्या. "गणित बरोबर हाय तुझा. दर्या चुकला!"

मग तिने फळी माझ्या पाठीमागे सरकवली. "बस मागं. घाबरू नको, बस. आता टाच फिरव. ओढू नको, फिरव. चिखलाला भांडलेलं आवडत नाय." मी फळीवर बसले, टाच इकडे-तिकडे फिरवली, आणि एक पाय बाहेर आला, ढेकर दिल्यासारखा आवाज करून. मग दुसरा. उतारावर विहीणबाई छत्री मिटून, माझ्या चपला छातीशी धरून उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी. मी वर आल्यावर त्यांनी माझा हात धरला, तो चिखलाचा, आणि बराच वेळ सोडला नाही.

कोळणीने आम्हाला घरी नेलं. जवळच होतं. अंगणात पिंपातलं पाणी काढून माझ्या पायांवर ओतलं आणि चहा टाकला. तिने मला जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत जपून ठेवलंय. "तुमच्याकडे पानी गेला की दर्या खुलतो. आमच्याकडे पानी गेला की दर्या मिटतो. हितं यायचं तर भरतीला यायचं. आनि खाडीत पानी फिरून फिरून येतं, त्याला उशीर होतो. तुझी पाऊणकी कर, वर अर्धा तास टाक."

मी म्हटलं, "ओहोटीला काहीच नाही मग इकडे?"

"हाय ना. आमी हाय, निवट्या हायत. आनि ते बघ."

तिने दाराबाहेर बोट केलं. चिखलाच्या पार टोकाला, त्या चांदीच्या तारेशी, गुलाबी रेघ होती. मला वाटलं प्लास्टिक. विहीणबाई उठून दारात गेल्या. त्यांनी दूरचा चष्मा लावला. "फ्लेमिंगो," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, हळू, "अहो, फ्लेमिंगो." त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. चहा निवला. पाणी इतकं लांब होतं की त्यांना घाबरायला काही कारणच नव्हतं. समुद्राच्या इतक्या जवळ त्या पहिल्यांदाच स्वस्थ उभ्या होत्या. माझी तेवढी गोष्ट तरी ठरवल्याप्रमाणे झाली.

बसमध्ये परत येताना त्या छत्रीच्या मुठीवरचा चिखल पुसत होत्या. चेंबूर ओलांडल्यावर म्हणाल्या, "ताई, तो विचारेल. मला खोटं बोलता येत नाही."

"बोलूच नका."

"मग?"

"मी सांगेन."

संध्याकाळी मुलगा आला. विहीणबाई मुद्दाम थांबल्या होत्या, सोफ्यावर ताठ बसलेल्या, साक्षीदारासारख्या. त्याने पहिल्यांदा माझ्या पायांकडे बघितलं. कितीही धुतलं तरी नखांत काळी रेघ राहिलीच होती, आणि पोटरीवर ओरखडा.

"काय झालं?" त्याने सासूबाईंना विचारलं.

मी म्हटलं, "त्यांना नको विचारू. माझी चूक झाली." आणि सगळं सांगितलं. पंचमी, चिखल, गुडघा, छत्री, फळी, काही वगळलं नाही. छत्रीपाशी नात खो खो हसली. मुलगा हसला नाही. त्याच्या तोंडावर तेच हळूहळू यायला लागलं, ते वाळूतून धावतानाचं.

"बघ," तो म्हणाला. "म्हणूनच मी—"

"थांब रे. माझं ऐक. मी कधीच चुकत नाही, असं मी तुला आयुष्यभर सांगत आले. तू लहान होतास तेव्हा ते तुला बरं वाटायचं. मग मी पडले आणि तुला वाटलं, आता आईचं काही खरं नाही. बरोबर?"

त्याने माझ्या मनगटाकडे बघितलं.

"तर मग आता ऐक. मी चुकते. आज चुकले. तुझ्या सासूबाईंच्या मदतीने आणि एका कोळणीच्या फळीवर बसून बाहेर आले, चहा प्यायले, पायांवर पाणी घेतलं, बसने घरी आले आणि तुला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तुला धावत यावं लागलं नाही. यापेक्षा जास्त मी काय करू, सांग. न चुकणारी आई मी तुला देऊ शकत नाही. संपला तो माल."

 मग त्याने सासूबाईंकडे बघितलं. करार तसाच होता ना. त्या काय म्हणतात त्यावर सगळं.

विहीणबाईंनी पदर सावरला. "वेळ चुकीची निवडली होती," त्या म्हणाल्या. ऑफिसातला शेरा मारतात तशा. "उतरल्या तेही चुकीचं. मला फार भीती वाटली, आणि हे मी लपवणार नाही." मी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "मला पुन्हा जायचंय. ओहोटीलाच. मी वर बसेन, दुर्बीण घेऊन. आणि या माझ्या शेजारी बसतील, चपला घालून."

सूनबाई आईकडे अशी बघायला लागली, जणू तिची कोणी अदलाबदल केलीय.

मुलगा उठून आत गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी रात्रभर समजून चालले की विषय बंद. सकाळी चहाचा कप ठेवताना तो म्हणाला, "रविवारी भरती किती वाजता आहे?"

मी बोटांवर मोजलं. "एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ. वर अर्धा तास. पावणेनऊ."

"मी नेतो."

रविवारी आम्ही दोघंच गेलो. पावणेनऊला ट्रॉम्बेची जेट्टी अशी होती की तुम्ही ओळखलीच नसती. पाणी काठोकाठ, होड्या सरळ उभ्या, हळू हलणाऱ्या. चिखलाचा मागमूस नाही. मुलगा बराच वेळ कठड्याशी उभा राहिला.  वेसाव्यानंतर आम्ही दोघं पाण्याशेजारी पहिल्यांदाच उभे होतो.

तासाभराने पाणी फिरलं. उताराच्या कडेला हातभर ओली पट्टी उघडी पडली, उन्हात चमकायला लागली. मी कोळणीच्या घराकडे बघत होते, तिच्यासाठी खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या. वळून बघते तर आमचे चिरंजीव बूट काढून, पँट दुमडून त्या उतारावर उभे. एक पाय उचललेला, त्या चमकत्या पट्टीवर ठेवायला. वेसाव्याच्या वाळूवर वाढलेलं पोर. त्याच्याही पायांना तेच माहीत.

मी मागून त्याची कॉलर धरली. "कुठे चाललास?"

"आई, पाणी मागे गेलंय. घट्ट असेल."

 जवळ काठीचा तुकडा पडला होता. तो उचलून मी त्या चमकत्या पट्टीत टोचला. काठी हातभर आत गेली आणि मुठीपाशी थांबली.

त्याने काठीकडे बघितलं, मग स्वतःच्या उचललेल्या पायाकडे. तो पाय त्याने हळूच मागे घेतला आणि जेट्टीवर माझ्या शेजारी येऊन बसला. मग हसायला लागला. लहानपणी मनोरीच्या होडीत हसायचा तसा, खांदे हलवून.

"आई, मी तर गेलोच होतो!"

"मग कोणाला फोन केला असतास?"

"तुला," तो म्हणाला.

बूट घालून झाल्यावर त्याने फोन काढला आणि कॅलेंडर उघडलं. "सासूबाई ओहोटीला म्हणतायत. गुरुवार कसा आहे? तुम्ही दोघी बसने या, मला फक्त निघताना आणि पोचल्यावर सांग. वेळ तूच ठरव."

मी तिथी विचारली, पाऊणकी केली, सहा तास मोजले आणि वर अर्धा तास टाकला.